पायथ्यापासून माथ्याकडे

बाल्टिमोर शहराच्या ईशान्येला, गनपाउडर नदीच्या काठी, जोपा नावाचं बंदर होतं. अठराव्या शतकात तिथून तंबाखूची पिंपं भरून जहाजं इंग्लंडला जायची. काउंटीची कचेरी तिथेच, कोर्टही तिथेच. 1768 साली कचेरी बाल्टिमोरला गेली आणि जोपाला उतरती कळा लागली. बाल्टिमोरचं पाणी खोल होतं, व्यापारी तिकडे वळले, हे खरंच. पण जोपाची नदीही गाळाने भरत चालली होती. वरच्या अंगाचं जंगल तोडायचं, तंबाखू लावायचा, जमीन थकली की ती टाकून पुढचं जंगल तोडायचं, अशी शेती. ती सगळी माती उताराने खाली आली. एल. सी. गॉट्शाल्क यांनी 1945 साली चेसापीक उपसागराच्या वरच्या भागातल्या अशा बुजलेल्या बंदरांवर एक निबंध लिहिला. त्यात जोपाचे जहाजं बांधून ठेवायचे दगडी खुंट येतात. खुंट कोरड्या जमिनीत उभे, आणि जहाज चालेल एवढं पाणी तिथून 2 मैलांहून लांब.

वॉशिंग्टनच्या वेशीवरचं ब्लेडन्सबर्गही असंच गेलं. अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठी 1742 साली वसवलेलं हे गाव. समुद्रावरची जहाजं थेट तिथवर येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाळाने ते बंदर बंद पाडलं. आता तिथे लोक रविवारी होड्या वल्हवायला जातात.

हे बंदरपुराण लावलं, कारण माझा सगळा धंदा या गाळातून उगवला. मी 1989 साली लग्न होऊन मेरीलँडला आले. कराडच्या सरकारी कॉलेजातली सिव्हिलची पदवी होती. एका छोट्या डिझाइन ऑफिसात काम मिळालं, ते तिथल्या कुणालाच नको असलेलं: बांधकाम चालू असताना साइटवरची माती पावसाबरोबर वाहून जाऊ नये, यासाठीचे नकाशे काढायचे. काही वर्षांनी ऑफिस सोडून एका ठेकेदाराकडे गेले आणि निवृत्तीपर्यंत साइटवरच राहिले. सगळे मला ‘मड लेडी’ म्हणत. माझे वडील सोलापूर जिल्ह्यात मृद्‌संधारण खात्यात होते. ताली आणि समपातळी बांध घालण्यात त्यांची नोकरी गेली. मी अमेरिकेत नेमकं काय करते, हे आमच्या घरात त्यांना एकट्यालाच समजावून सांगावं लागलं नाही.

गंमत म्हणजे त्यांचं खातं आणि माझा धंदा यांचं मूळ साधारण एकाच काळातलं. त्यांचे बांध 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याखाली सुरू झाले. इकडे अमेरिकेत धुळीच्या वादळांनी मधल्या राज्यांची शेतं उडवून नेल्यावर, ह्यू बेनेट यांच्या खटपटीने 1935 साली सॉइल कन्झर्वेशन सर्व्हिस उभी राहिली. पण दोन्हीकडे माती म्हणजे शेतकऱ्याची माती. शहराच्या कडेला बुलडोझरने उघडी केलेली माती कुणाच्याच हिशेबात नव्हती.

आणि ती तर दुसऱ्या महायुद्धानंतर अफाट वाढली. वॉशिंग्टनभोवतीचा बेल्टवे 1964 साली पुरा झाला. 1967 साली जेम्स राउस यांनी कोलंबिया नावाचं अख्खं नवं शहर बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या मधोमध वसवायला घेतलं. एकेका वसाहतीसाठी टेकडीच्या टेकडी एकदम सोलायची, मग सावकाश घरं बांधायची, अशी त्या वेळची रीत. जमीन दोन-दोन वर्षं उघडी पडलेली असे.

या उघड्या जमिनीचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गॉर्डन वोलमन यांनी. त्यांना सगळे ‘रेड्स’ म्हणत. (पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किती घालायचं याचं गणित बसवणारे एबल वोलमन हे त्यांचे वडील. पाणी त्या घरात वंशपरंपरेने होतं म्हणायचं.) 1967 साली त्यांनी आशर शिक यांच्याबरोबर मेरीलँडमधल्या नद्यांचे आकडे छापले. शेती किंवा जंगल असलेल्या एका चौरस मैलातून वर्षाला 200 ते 500 टन माती जाते. बांधकाम चालू असलेल्या तेवढ्याच जमिनीतून काही हजार टनांपासून 1 लाख टनांहून अधिक. तंबाखूने बंदरं बुजवायला शतक घेतलं. बुलडोझरला तेवढा धीर नव्हता.

तीन वर्षांत कायदा आला. 1970 साली मेरीलँडने अख्ख्या राज्याला लागू होणारा गाळनियंत्रणाचा कायदा केला. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं राज्य. जमीन उकरण्याआधी नकाशा काढा, तो सॉइल कन्झर्वेशन डिस्ट्रिक्टकडून मंजूर करून घ्या, मगच ग्रेडिंगची परवानगी मिळेल. म्हणजे शेतकऱ्याला बांध कसा घालावा हे सांगणारं ऑफिस आता बिल्डरचे नकाशे तपासायला बसलं. 1972 च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळ आलं आणि कित्येक वर्षांचा गाळ त्याने काही दिवसांत उपसागरात आणून टाकला. त्यानंतर कायदा कशासाठी, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या कालवे आणि खेकडे धरणाऱ्यांनी तरी विचारला नसेल.

हे राज्यापुरतं झालं. देशाचा क्लीन वॉटर अ‍ॅक्ट त्याच वर्षी ऑक्टोबरात, अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून मंजूर झाला. त्यात परमिट लागायचं ते पाइपातून नदीत घाण सोडणाऱ्याला. पावसाचं पाणी कुठल्या एका कारखान्याचं नसतं, ते सगळीकडून येतं. पर्यावरण संस्था ईपीएने 1973 साली सांगून टाकलं की एवढ्या सगळ्यांना परमिट देणं आम्हाला झेपणार नाही, ते वगळलं. 1977 साली अपील कोर्टाने ईपीएला सुनावलं: कायद्यात वगळायची मुभा नाही, हवं तर एकसारख्या अनेकांना मिळून एकच सर्वसाधारण परमिट काढा. आज साइटवर आम्ही ज्या ‘जनरल परमिट’च्या नावाने बोटं मोडतो, त्याचा उगम त्या निकालात आहे. पण हलायला 1987 साल उजाडलं. संसदेने पावसाच्या पाण्यासाठी वेगळं कलम घातलं, या वेळी रेगन यांचा नकाराधिकार डावलून. 1990 च्या नोव्हेंबरात नियम आले: 5 एकर किंवा त्याहून जास्त जमीन उघडी करणाऱ्या प्रत्येक बांधकामाला परमिट. 5 एकरच का, याला ईपीएकडे धड उत्तर नव्हतं, आणि 1992 साली कोर्टाने तसं लिहूनही ठेवलं. अखेर 1999 च्या नियमाने ही मर्यादा 1 एकरावर आणली, ती मार्च 2003 पासून लागू झाली. मेरीलँडमध्ये आम्हाला याचं फार कौतुक वाटलं नाही. आमच्याकडे 5,000 चौरस फूट जमीन हलवली तरी नकाशा लागायचाच. वाढलं ते कागद.

आता साइटवर चला, कारण खरा इतिहास तिथला आहे.

सुरुवातीच्या काळात गाळ अडवायचा म्हणजे तळाला अडवायचा. साइटच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात खड्डा खणायचा, त्याला ट्रॅप म्हणतात. मोठा असला तर बेसिन. पाणी त्यात थांबेल, माती खाली बसेल, वरचं पाणी पुढे जाईल. कडेला वाळलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांची रांग. पुढे काळं कापड आलं, सिल्ट फेन्स, लाकडी खुंट्यांवर ताणलेलं. मुसळधार पावसात ते आडवं होई. मग मेरीलँडने तेच कापड लोखंडी जाळीच्या कुंपणाला बांधलं आणि त्याला सुपर सिल्ट फेन्स म्हणायला सुरुवात केली. इकडे कुठल्याही साइटच्या कडेला ते दिसेल.

खड्ड्याचं गणित मी शेकडो नकाशांवर केलं आहे. आधी एकरी 1,800 घनफूट जागा धरायची, म्हणजे अर्धा इंच पाणी. 1994 च्या मानकांनी ती दुप्पट केली, 3,600 घनफूट. निम्मी जागा कायम पाण्याने भरलेली, निम्मी रिकामी होणारी. खड्डे मोठे झाले, बिल्डरांनी बोंब मारली, विकायच्या प्लॉटांपैकी एखादा काही महिने खड्ड्याखाली जाऊ लागला. तरीही पाऊस थांबल्यावर खड्ड्यातून बाहेर पडणारं पाणी पिवळट तांबडंच. याचं कारण भौतिकशास्त्रात आहे, ठेकेदाराच्या लबाडीत नेहमीच नसतं. बारीक वाळूचा कण 1 मीटर पाण्यातून तळाला बसायला दोन मिनिटं घेतो. चिकणमातीच्या 2 मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवस लागतात, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. इथली पीडमाँट पठाराची लाल माती चिकणीच. म्हणजे तुम्ही कितीही खड्डे खणा, माती एकदा पाण्यात मिसळली की तिचा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात त्रासदायक भाग हातातून गेला.

वडील 1990 च्या दशकात आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना एक साइट दाखवली. सुपर सिल्ट फेन्सवर हात फिरवून ते म्हणाले, “अगं, माथा उघडा टाकून पायथ्याला कुंपण घालता होय?” आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ हा पहिला धडा, आधी डोंगरमाथ्याला उपचार, मग उतार, नाल्यातलं काम शेवटी. अमेरिकेचे नियम बरोबर उलटे चालले होते. ते पायथ्यापासून निघाले आणि माथ्याला पोचायला त्यांना चाळीस वर्षं लागली.

धंदा कसा बदलला, ते सांगते. 1980 पासून मेरीलँडमध्ये साइटवरच्या जबाबदार माणसाने गाळनियंत्रणाचा वर्ग केलेला असणं सक्तीचं झालं. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे ‘ग्रीन कार्ड’. (परदेशातून आलेल्या आमच्यासारख्यांची या नावाने काय करमणूक झाली असेल, कल्पना करा.) मी हा वर्ग केला तेव्हा मागच्या बाकांवर बूट पुढे पसरून सुपरिंटेंडंट बसलेले. आमचा एक सुपरिंटेंडंट वेस्ट व्हर्जिनियाचा होता. त्याचं म्हणणं, “देवाच्या पावसाला परमिट कशाला?” तो वाईट माणूस नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता: निविदेत गाळनियंत्रण एका ओळीत उक्तं धरलेलं असायचं. उक्तं काम म्हणजे जेवढं कमी कराल तेवढा पैसा शिल्लक. त्यामुळे इन्स्पेक्टर येणार असं कळलं की आदल्या संध्याकाळी कुंपणं सरळ व्हायची. आमचा एक फोरमन एल साल्वादोरचा, डोंगरउतारावर मका लावणाऱ्या घरातला. त्याने एकदा मला अगदी निरागस चेहऱ्याने विचारलं, “सेन्योरा, ही जाळी पावसासाठी की इन्स्पेक्टरसाठी?”

वागणं बदललं ते निविदेतली ती ओळ फुटल्यावर. कुंपण फुटाच्या भावाने, दगड टनाच्या भावाने, बी आणि पेंढा चौरस यार्डाच्या भावाने, आणि खड्डा उपसला की त्याचे वेगळे पैसे. आता काम केलं तर मिळकत होती. तोच सुपरिंटेंडंट मला फोन करून विचारू लागला, उद्या पाऊस आहे, अजून थोडा पेंढा मारून घेऊ का? नियमाची भीती दंडाने बसते, पण सवय पैशाने लागते, असं मी तेव्हापासून मानत आले आहे. जे मालक आजही गाळनियंत्रण उक्तं देतात त्यांच्या साइटवरून गढूळ पाणी येतं, याचं मला नवल वाटत नाही.

मग आकड्यांचा काळ आला. 1 डिसेंबर 2009 रोजी ईपीएने देशभरातल्या मोठ्या बांधकामांसाठी पाण्याच्या गढूळपणाला मर्यादा घातली: 280 एनटीयू. पाण्यात प्रकाश सोडायचा, तो किती विखुरतो ते मोजायचं, त्याचं हे माप. उघड्या लाल मातीवर चांगली सर आली की हजारांत आकडा जातो. एकच खळबळ उडाली. कोळंबीच्या कवचापासून काढलेलं कायटोसान पाण्यात मिसळून गाळ खाली बसवणाऱ्या यंत्रांचे विक्रेते साइटवर चकरा मारू लागले. आम्ही मीटर घेतले, माणसं शिकवली. बिल्डरांच्या संघटना कोर्टात गेल्या. आणि वर्ष व्हायच्या आत ईपीएने कबूल केलं की आकडा काढताना त्यांच्याच हिशेबात चूक झाली. मर्यादा आधी स्थगित, मग 2014 साली कायमची मागे. कॅलिफोर्नियात राज्याने स्वतःच्या परमिटमध्ये घातलेली 500 एनटीयूची मर्यादाही अशीच 2011 च्या अखेरीस कोर्टात पडली. आमच्या स्टोअरमध्ये ते मीटर पुढे बरीच वर्षं धूळ खात होते.

त्याच सुमारास मेरीलँडने गाजावाजा न करता जे केलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. 2011 च्या नव्या मानकांत दोन गोष्टी आल्या. एका वेळी साधारण 20 एकरांहून जास्त जमीन उघडी करायची नाही. आणि उकरणं थांबलं की उभ्या उतारांवर आणि साइटच्या कडेच्या बांधांवर 3 दिवसांत, बाकी जमिनीवर 7 दिवसांत बी टाकून पेंढ्याने झाकायचं. आधीची मुदत 7 आणि 14 दिवसांची होती. वर्षभर आधी चेसापीकसाठी प्रदूषणाचं अंदाजपत्रक ठरलं होतं: सहा राज्यं आणि वॉशिंग्टन मिळून वर्षाला 6.45 अब्ज पौंडांहून जास्त गाळ उपसागरात जाता कामा नये. त्याचा दबाव यामागे होताच.

3 दिवस हे ऐकायला सोपं आहे. साइटवर त्याचा अर्थ असा की पेंढा मारणारा ठेकेदार, जो आधी महिन्यातून एकदा यायचा, तो आता दर आठवड्याला दारात. उतार पुरा होईपर्यंत थांबून मग झाकू, हे चालेना. उतार पट्ट्यापट्ट्यांनी घ्यावा लागला. मातीकाम, पाइप, झाकणं, यांचं वेळापत्रक एकत्र बसवावं लागलं, आणि ‘मड लेडी’ला पहिल्यांदा सोमवारच्या नियोजनाच्या बैठकीत खुर्ची मिळाली. नकाशावरचे खड्डे तेवढेच राहिले, पण ते उपसायचे ट्रक कमी झाले. झाकलेल्या जमिनीवरून पाणी जातं, माती जात नाही. वडील तेव्हा हयात असते तर त्यांनी एवढंच विचारलं असतं की याला इतकी वर्षं का लागली.

वॉशिंग्टन शहराचं वेगळंच. त्याला स्वतःचं परमिट काढायचा अधिकार नाही, तिथे ईपीएचं परमिट थेट लागतं. ईस्टर्न अ‍ॅव्हेन्यूच्या एका बाजूला मेरीलँड, दुसऱ्या बाजूला राजधानी. दोन्हीकडचं पाणी अ‍ॅनाकोस्टियात, पण रस्ता ओलांडला की कागद बदलतात. ईपीएच्या 17 फेब्रुवारी 2022 च्या परमिटने पायाच्या खड्ड्यातून पंपाने उपसलेल्या पाण्यावर बोट ठेवलं. पंप चालेल त्या प्रत्येक दिवशी तपासणी आणि फोटो. नदी आधीच गाळाने बिघडलेली म्हणून नोंदलेली असेल, तर रोज नमुना आणि आठवड्याची सरासरी 50 एनटीयू. ती ओलांडली तर दंड लगेच नाही, पण उपाय करून तो लिहून ठेवायचा. धूळ खात पडलेले मीटर पुन्हा बाहेर आले. आणि मला वाटलं होतं त्याहून लवकर माणसं रुळली, कारण पंपाचं पाणी पावसासारखं नसतं. ते बंद करता येतं. माझ्या शेवटच्या साइटवरच्या तरुण फोरमनने मोबाइलवर फोटो, वेळ आणि आकडा एकत्र टिपायची अशी काही पद्धत बसवली की कागदाची वही कुणी उघडेना. मेरीलँडचं नवं परमिट 1 एप्रिल 2023 पासून आलं, त्याच्या पहिल्या काही महिन्यांनंतर मी निवृत्त झाले.

मार्च 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, की ‘नदीचं पाणी ठरलेल्या प्रतीचं राहिलं पाहिजे’ एवढंच परमिटमध्ये लिहून ईपीएला हात झटकता येणार नाहीत. परमिटधारकाने नेमकं काय करायचं ते सांगावं लागेल. पर्यावरणवादी मित्र या निकालाने खट्टू आहेत आणि त्यांची भीती मला समजते: नदी बिघडली तरी ‘आम्ही सांगितलं ते सगळं केलं’ म्हणायची सोय झाली. पण बांधकामाच्या साइटपुरतं बोलायचं तर ‘नदी स्वच्छ ठेवा’ या ओळीने एक घमेलंभर मातीही अडलेली मी पाहिली नाही. 3 दिवसांत झाका, या ओळीने अडली.

ईपीएच्या सध्याच्या परमिटची मुदत 16 फेब्रुवारी 2027 ला संपते. त्यात झाकायची मुदत अजून मोठ्या साइटना 7 आणि लहान साइटना 14 दिवस आहे. पुढच्या परमिटचा मसुदा येईल तेव्हा त्यावर सूचना पाठवायला काही आठवडे मिळतात, आणि त्या कुणालाही पाठवता येतात. व्हर्जिनिया, मेरीलँड, न्यू जर्सीत या धंद्यात असलेले बरेच मराठी इंजिनिअर मला ठाऊक आहेत. त्यांनी 3 दिवसांची मागणी तेवढी लिहून पाठवावी.